विचारायला जागा हवी

जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये माझी नोकरी झाली. पहिलीच्या लेकरांना बाराखडी आणि सातवीच्या लेकरांना त्रैराशिक शिकवण्यात उमर सरली. निवृत्त होऊन जालना तालुक्यातल्या गावी, वडिलोपार्जित रानात परतलो, आणि तेव्हापासून गाठ पडत गेली ती मोठ्या माणसांच्या शिकण्याशी. कधी मी शिकणारा असतो, कधी शिकवणारा, आणि पुष्कळदा एकाच संध्याकाळी दोन्ही. लेकरू कसं शिकतं यावर आम्हाला डी.एड.ला अख्खा पेपर होता; त्याचे आईबाप कसे शिकतात, यावर एक धडाही नव्हता. तो धडा इथे गावात, बांधावर, बचत गटाच्या सतरंजीवर तुकड्यातुकड्यांनी मिळत गेला. जसा मिळाला तसा मांडतो आहे. तुमच्या गावात, तुमच्या धंद्यात त्याचं रूप वेगळं असेल.

१. मोठं माणूस शिकायला येत नाही, विचारायला येतं. हे मला खरपुडीला उमगलं. जालना शहराजवळच्या या गावातलं कृषी विज्ञान केंद्र मराठवाडा शेती साहाय्य मंडळ चालवतं. विजयअण्णा बोराडे यांनी उभं आयुष्य दिलं ती ही संस्था. तिथे दर महिन्याच्या ५ तारखेला शेतकऱ्यांचं चर्चासत्र भरतं. पाच तारीख आली की आमच्याकडची माणसं आपोआप पिशवी काढतात. त्या पिशवीत काय असतं ते बघण्यासारखं असतं. कुणाकडे पिवळी पडलेली तुरीची फांदी, कुणाकडे डिंक्या लागलेल्या मोसंबीच्या सालीचा तुकडा, कुणाकडे चार घड्या घातलेला माती परीक्षणाचा कागद. व्याख्यान सुरू असतं तेव्हा माणसं ऐकतात, काहीजण वहीत टिपूनही घेतात. पण हात सारखा पिशवीकडे जात असतो. प्रश्नांना सुरुवात झाली की सभागृह खऱ्या अर्थानं जागं होतं.

तिथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पहिला प्रश्न बहुतेक वेळा शेजाऱ्याचा असतो. "साहेब, आमच्या शेजाऱ्याच्या बागेत फळगळ लई व्हायलीय." मुरलेला शास्त्रज्ञ असला तर तोही शेजाऱ्याचीच चौकशी करतो. "त्यांनी बागेला ताण किती दिवस दिला होता? पहिलं पाणी कधी सोडलं?" आणि विचारणारा तारीखवार सांगत जातो, ताणाचे दिवस सांगतो, कोणतं खत किती टाकलं ते सांगतो. शेजाऱ्याच्या रानाची इतकी खडान्‌खडा माहिती कुणाला असते? सगळ्यांना कळलेलं असतं, पण कुणी हसत नाही. मला ती सभा फार सभ्य वाटते. शाळेत पोरगं चुकीचा प्रश्न विचारतं, वर्ग हसतो, आणि ते पोरगं पुढची तीस वर्षं हात वर करत नाही. तो हात पुन्हा वर यायला कधी कधी शेजाऱ्याचा आधार लागतो. तो घेऊ द्यावा.

कृषी विज्ञान केंद्रांची कल्पना ज्या समितीनं मांडली, तिचे अध्यक्ष मोहनसिंह मेहता हे उदयपूरचे. तिथे विद्या भवन आणि सेवा मंदिर या संस्था उभारणारे आणि प्रौढांच्या शिक्षणात रमलेले. देशातलं पहिलं केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीला निघालं. शेतकऱ्याला फळ्यासमोर बसवायचं नाही, हातानं करू द्यायचं, हा त्यामागचा विचार. शेतीच्या पुढच्या सगळ्या धावपळीत हा शिक्षणाचा विचार होता हे आपण विसरलो. खरपुडीला गेलं की तो आठवतो.

२. ऐकलेलं उडून जातं, बोटांनी उकललेलं राहतं. कपाशीच्या शेतीशाळेत हे मी डोळ्यांनी पाहिलं. शेतीशाळा ही पद्धत १९८९ साली इंडोनेशियात भातशेतीसाठी सुरू झाली आणि फिरत फिरत आमच्या मराठवाड्यातल्या कपाशीपर्यंत पोचली. वर्ग शेतातच भरतो. पेरणीपासून वेचणीपर्यंत तेच शेत, तीच माणसं. येणारा कृषी सहायक काही सांगण्याआधी सगळ्यांना सऱ्यांमध्ये पाठवतो: फिरा, बघा, मोजा, मग बोलू.

एकदा आमच्यातल्या एका पाटलांनी एक फूल तोडून आणलं. पाकळ्या उमललेल्या नव्हत्या. एकमेकींना चिकटून, पीळ घालून, गुलाबाच्या मिटल्या कळीसारख्या झाल्या होत्या. "फूल रुसलंय," ते म्हणाले. सहायकानं नाव सांगितलं नाही. "उकला," एवढंच म्हणाला. पाटलांनी नखानं पाकळी सोडवली. आत बारीक जाळी होती, परागाचा भुगा होता आणि त्या भुग्यात पांढुरकी, काळ्या डोक्याची, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक अळी होती. पुढे ती गुलाबी होते, बोंडात शिरते, सरकी खाते आणि बाहेरून बोंड धडधाकट दिसत राहतं. मग सहायकानं शब्द दिला: डोमकळी. गुलाबी बोंडअळीची पहिली खूण. तो शब्द त्या दिवशी तिथे हजर असलेला कुणी विसरला असेल असं मला वाटत नाही. घरी जाऊन पाटलांनी आपल्या कारभारणीला दाखवली, तिनं वेचणीला येणाऱ्या बायांना दाखवली.

हे शिकणं सोपं नव्हतं, कारण आधी शिकलेलं सोडायचं होतं. २००२ साली बीटी कपाशी आली, २००६ ला तिची दुसरी पिढी आली, आणि बोंडअळीसाठी फवारायची गरज नाही हे आम्ही सगळे मनापासून शिकलो. काही वर्षं ते खरंही होतं. गुलाबी अळीनं बीटीच्या विषाला दाद देणं हळूहळू बंद केलं आणि २०१७ च्या हंगामात मराठवाडा-विदर्भातली उभी कपाशी तिनं खाल्ली. त्या साली माणसं भांबावली होती ती नुसत्या नुकसानीनं नाही. ज्ञान खोटं निघालं होतं. अशा वेळी भाषण करून उपयोग नसतो. कामगंध सापळा लावा, रोज सकाळी पतंग मोजा, सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग दिसले की मग फवारणीचा विचार करा. हे काम हातात दिलं की माणूस पुन्हा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला लागतो. सापळ्यातले पतंग मोजून पाटीवर आकडा लिहिणारा माणूस दुकानदाराला "द्या काहीतरी जालीम" असं म्हणत नाही.

३. निरक्षर माणूस कोऱ्या पाटीचा नसतो. 'उल्लास' या केंद्र सरकारच्या साक्षरता कार्यक्रमात मी गावात स्वयंसेवक आहे. पंधरा वर्षांपुढचं कुणीही त्यात येऊ शकतं; शेवटी वाचन, लेखन आणि गणिताची मिळून दीडशे गुणांची परीक्षा असते. आमच्या वर्गात बहुतेक बाया, आणि त्यातल्या अर्ध्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या आया. पहिले काही दिवस शाळेच्या खोलीत भरवला तर संख्या रोडावत गेली. मग बचत गटाच्या बैठकीला जोडून, गटाच्या अध्यक्ष बाईंच्या ओसरीवर घेऊ लागलो. तिथे येणं त्यांच्या सवयीचं होतं, तिथे त्या कर्ज मंजूर करत होत्या, व्याज ठरवत होत्या. तिथे त्या कुणी होत्या.

एक आजी आहेत, सत्तरीच्या आसपास. मी पाटीवर गणित घातलं: सव्वादोन क्विंटल कापूस, भाव सात हजार दोनशे, तर पैसे किती? मी मांडणी लिहितो आहे तोवर आजींनी सांगून टाकलं. "दोनाचे चौदा हजार चारशे, पावाचे अठराशे. सोळा हजार दोनशे." पाटीकडे बघितलंही नव्हतं. पावकी, निमकी, सवायकी त्यांनी पाठ केली नव्हती कधी. बाजारानं त्यांच्यात रुजवली होती. मग त्यांनी कनवटीची पिशवी सोडली आणि एक काटापट्टी काढून माझ्यापुढे धरली. "गुरुजी, सोळा हजार दोनशे मला येतंय. व्यापाऱ्यानं दिले त्याहून कमी. ही मधली वजाबाकी कशाची, ते मला वाचायचंय."

त्या काटापट्टीवर आमचे कितीतरी दिवस गेले. हमाली, तोलाई, घट. 'म'ला काना, 'त'ला काना-मात्रा. कमळ-घर-मगर बाजूला राहिलं. अक्षरं त्यांना हवी होती ती अंगठ्याच्या जागी सही यावी म्हणून नव्हे, सही त्या केव्हाच गिरवायला शिकल्या होत्या. कागदावर आपल्याबद्दल काय लिहिलंय ते कळायला हवं होतं.

जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली, तिथेही माणसं दिवसभराच्या कामावरून याच ओढीनं येत असणार, असं मला वाटतं. महाराष्ट्रानं या बाबतीत थोर कामं केली आहेत. १९५९ साली साताऱ्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम राज्यभर गेली. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ पासून आजीबाईंची शाळा भरते. आपण ह्या आज्यांचे गुलाबी लुगड्यांतले फोटो कौतुकानं बघतो. त्यांना काय येतं, हेही कधी विचारायला हवं.

४. शिकण्यालाही हंगाम असतो. दिवाळी झाली की मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड भागातल्या कितीतरी जोड्या कोयत्यावर जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते; ती फिटेपर्यंत उसाच्या फडात, कोपीत. आमच्या गावातूनही जातात. हजेरीपटावर त्या काळात गैरहजेरी पडते आणि कागदावर वर्ग 'कमी प्रतिसादाचा' ठरतो. हे मला पटत नाही, आणि जिथे सांगता येईल तिथे मी सांगतो. मृगाच्या आधीचे दोन महिने आमच्याकडे वर्ग भरभरून चालतो. त्यात एका नवरा-बायकोनं एवढंच शिकून घेतलं: तारीख लिहायची, आणि पुढे काम झालं की रेघ, खाडा पडला की गोळा. परत आल्यावर मुकादमाच्या वहीशेजारी स्वतःची वही ठेवून त्यांनी हिशेब केला. अभ्यासक्रमात हे नव्हतं. असायला हवं.

५. वयानं लहान असलेल्याकडून शिकताना आपल्याला आधी आपलं वय उंबऱ्याबाहेर ठेवावं लागतं, चपलांबरोबर. आमच्या शेजाऱ्यांच्या सूनबाई रेशीम शेती करतात. तुतीचा एक एकर, पत्र्याचं कीटक संगोपनगृह. मीही अर्धा एकर तुती लावली आणि त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी त्यांनी दारात अडवलं. "गुरुजी, हात धुतले का?" मी म्हटलं, घरून धुऊन आलोय. "तसे नाही. हे ब्लिचिंगचं पाणी. आणि चप्पल तिकडं." आवाजात आदर होता आणि सवलत नव्हती. शिक्षकाचा आवाज असाच असावा.

त्यांनी मला काय शिकवलं त्यातलं एकच सांगतो. अळी कात टाकायच्या बेतात येते तेव्हा खायचं थांबवते, अंगाचा पुढचा भाग उचलून धरते आणि तशीच निश्चल राहते. नवख्या माणसाला वाटतं, भुकेली आहे, पाला हुंगते आहे. तो जास्त पाला टाकतो. पाला कुजतो, ओल धरते, रोग येतो. सूनबाई म्हणाल्या, "आता तिला काहीच द्यायचं न्हाई. चुना भुरकायचा, वारं खेळू द्यायचं, अन्‌ आपण बाहेर जायचं. सगळ्या उठल्या की मग पाला." आम्ही बाहेर जाऊन बसलो. चाळीस लेकरांच्या वर्गात मी इतकी वर्षं होतो. लेकरू गप्प झालं की त्याच्यापुढे आणखी समजावणी टाकायची हीच आमची रीत होती. त्या दिवशी ओट्यावर बसून मला आठवत राहिली ती अशी काही गप्प लेकरं.

शेवटच्या, पाचव्या अवस्थेत मात्र अळ्या आयुष्यभराचा बहुतेक पाला खातात. तेव्हा दिवसातून किती वेळा फांद्या टाकाव्या लागतात ते सूनबाईंच्या वहीत तारीखवार आहे. कोष विकायला पूर्वी आमच्याकडची माणसं कर्नाटकात रामनगरला जायची. तिथली भाषा येत नाही, लिलाव कळत नाही; एकमेकांच्या मागे उभं राहून, बोटांच्या खुणा बघून शिकले. २०१८ साली जालन्याच्या बाजार समितीत कोषांची खरेदी सुरू झाली, आता तिथे दुसऱ्या जिल्ह्यांतली माणसं येतात आणि रामनगरला शिकलेले आमचे लोक त्यांना समजावून सांगतात.

६. गाव शिकतं तेव्हा एकटं माणूस शिकल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, पण मग ते पुसलं जात नाही. कडवंचीबद्दल सगळ्यांनी ऐकलंय. जालना तालुक्यातलं हे गाव. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात खरपुडीच्या केंद्रानं तिथे काम उभं केलं. माथा ते पायथा. वर डोंगरउतारावर समपातळी चर, शेताला बांध, खाली नाल्यावर बंधारे. आज तिथे शेकडो शेततळी आहेत आणि द्राक्षाच्या बागा आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्याकडे वाढलेल्या मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या, तेव्हाही कडवंची तगली.

लोक तिथे तळी बघायला जातात. मला तिथे बघण्यासारखं वाटतं ते तळ्यांच्या आधीचं. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, श्रमदान करायचं, माझ्या शेतातून चर जाऊ द्यायचा आणि पाणी तुझ्या विहिरीला वाढेल हे कबूल करायचं. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवता येतं? ते बैठकांत शिकलं गेलं, रात्री उशिरापर्यंत, रुसवेफुगवे काढत. आणि पुढे एक गंमत झाली. बाहेरगावचे शेतकरी बघायला येऊ लागले आणि तिथल्या शेतकऱ्यांना सांगावं लागलं. एका बागाईतदारानं मला सांगितलं: "लोकं इचारायला लागले तवा मला कळालं, मी काय केलं ते." पाणी किती दिलं, खर्च किती आला, हे पाहुण्यांना सांगायचं म्हणून त्यांनी नोंदी ठेवल्या, आणि त्या नोंदींनी पुढच्या वर्षीचा खर्च आटोक्यात आला. शिकलेल्याला सांगायची संधी मिळाली की त्याचं शिकणं पक्कं होतं. म्हणून कुठल्याही वर्गात दुसऱ्या महिन्यापासून जुन्यानं नव्याला शिकवावं, असं मी आता धरूनच चालतो. बचत गटांत 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानानं हेच केलं आहे. एका गावची सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताई दुसऱ्या गावात जाऊन गट बांधते, आणि ती स्वतः गटातूनच वर आलेली असते. तिचं ऐकतात, कारण ती त्यांच्यातली आहे.

७. निरुपयोगी वाटणारं ज्ञानही एखाद्या सकाळी दारात उभं राहतं. आमचा हा मुलूख निजामाच्या राज्यातला. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमातून सुरू झालं. कचेरीचा व्यवहार उर्दूत. आमच्या वडिलांच्या पिढीतली शिकलेली मराठी माणसं उर्दू वाचायची, मोडी लिहायची. १९४८ नंतर ते हळूहळू मागे पडलं आणि ती म्हातारी माणसं आपल्याजवळचं काही कुणाला न देता गेली. २०२३ साली अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणाचं आंदोलन झालं, निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि घरोघरीच्या पेट्यांतून जुने कागद बाहेर आले. ते वाचणार कोण? उर्दू आणि मोडी जाणणाऱ्याला एकाएकी मोल आलं. आमच्या ओळखीचे एक मौलवी होते, ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या ओट्यावर सगळ्या जातीधर्मांची माणसं खासऱ्यांचे नि खानदानीचे कागद घेऊन बसलेली मी पाहिली. दोन तरुण पोरं तर रोज जाऊन उर्दूचं शिकस्ता वळण वाचायला शिकली. आरक्षणाच्या प्रश्नावर प्रत्येकाचं मत असेल. मला बोलायचंय ते त्या ओट्याबद्दल. पंजोबांचं नाव वाचायला मिळावं म्हणून पस्तिशीचा माणूस नवी लिपी शिकतो, आणि शिकवणाऱ्याच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी कुणी विचारल्याचं तेज येतं.

८. उत्तर देणाऱ्यानं आधी विचारलं पाहिजे. गाडगेबाबांचं कीर्तन ज्यांनी ऐकलं त्यांच्याकडून मी ऐकलंय, बाबा समोरच्या लोकांना प्रश्नांवर प्रश्न घालायचे आणि उत्तरं लोकांच्याच तोंडून निघायची. आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे. पानाचा फोटो टाकला की गटावर पाच मिनिटांत औषधाचं नाव येतं. मी त्याला नावं ठेवत नाही. अडीअडचणीला मलाही त्याचा आधार होतो. पण त्या उत्तरात "जमीन कसली? पाणी कधी दिलं? आधी काय फवारलंय?" असं उलट विचारणारं कुणी नसतं, आणि तीन औषधं एकत्र करून झाड होरपळल्यावर मग माणूस पिशवी घेऊन पाच तारखेची वाट बघतो.

९. ज्यांच्या हातांवर सगळं उभं आहे, त्यांना विचारायला जागाच नाही. हे मला अलीकडे फार लागतं. जालना बियाण्यांचं गाव. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाणं म्हणजे हातांचं काम. कपाशीच्या क्रॉसिंगमध्ये उद्या उमलणारी कळी आदल्या दिवशी दुपारनंतर हेरायची, तिच्या पाकळ्या नि पुंकेसर अलगद काढायचे, आतल्या स्त्रीकेसराला नख लागू द्यायचं नाही, खूण बांधायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल तिच्यावर फिरवायचं. जाफराबाद-भोकरदनकडे आणि शेजारच्या देऊळगाव राजाच्या पट्ट्यात शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचं बियाणं होतं, तिथे हेच चिमट्यानं. हे काम बाया करतात, रोजानं. नणंदेनं भावजयीला शिकवलेलं, मावशीनं भाचीला. मी एका बाईला काम करताना बघत उभा राहिलो होतो, बोलता बोलता तिचा चिमटा चालू होता आणि ती नव्या मुलीला सांगत होती, "दाबू नको, नुसतं धर, आपोआप निघतंय." डी.एड.च्या पाठात याहून चांगली सूचना मी ऐकलेली नाही.

याच बाया आमच्या ओसरीवरच्या वर्गात येतात. एकदा मी कीटकनाशकाच्या बाटलीवरचा छापील कागद मोठा करून आणला. त्यावर एक चौकोन असतो आणि त्याचा खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. अक्षर न येणाऱ्यालाही कळावं म्हणून केलेली ही खूण, आणि वर्गातल्या एकीलाही ती कुणी कधी सांगितली नव्हती. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी नि मजूर दगावले, त्याच्या बातम्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. हा त्रिकोण मात्र पाहिला नव्हता.

मग प्रश्न सुरू झाले. फवारलेल्या रानात दुसऱ्या दिवशी कामाला जावं का? ओल्या पानांना हात लागला तर घरी जाऊन आधी काय करायचं? पदराला वास राहतो, त्याच पदरानं लेकराचं तोंड पुसलं तर? पोटुशी बाईनं किती दिवस लांब राहायचं? मालकाला विचारलं तर तो उद्यापासून दुसरी बाई बोलावील, मग विचारायचं कुणाला? काहींची उत्तरं मला येत होती, काहींसाठी मी वही करून जाणत्यांकडे गेलो. हे प्रश्न चर्चासत्रात येत नाहीत, कारण चर्चासत्राला जायचं तर तिचा रोज बुडतो. माझं म्हणणं इतकंच आहे की तिच्या त्या दिवसाची मजुरी भरून द्यावी, गटागटानं बायांना बसवावं, त्यांच्यातल्याच दोघींना शिकवायला तयार करावं, आणि हे कपाशी फुलावर यायच्या आत व्हावं. पैसा फार लागणार नाही. आमच्या बचत गटानं यंदा दोन दिवसांचे रोज आपल्या शिलकीतून द्यायचं ठरवलंय. बियाणं घेणाऱ्यांनी आणि शासनानं बाकीचे दिवस उचलावेत, असं पत्र आजींच्या सहीनं गेलंय, मजकूरही त्यांनीच वाचून पाहिलाय. उत्तर आलं की श्रावणाच्या आधी पहिला वर्ग घ्यायचा आहे.